रतनसिंगच्या नावापुढचे ठिपके

हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली
४ ऑक्टोबर २०२४

'पाटसाथी' पोर्टलच्या तक्रार विभागात जे कोणी बसत असतील त्यांना,

नमस्काराचा रकाना रिकामा सोडते. तुमच्या पोर्टलवर इतके रकाने भरलेत की आता फुकटचा एकही भरायची इच्छा न्हाई.

पत्र पोष्टानं पाठवतेय, कारण तुमचा तक्रारीचा फॉर्म 'विषय निवडा' म्हणतो आणि त्याच्या यादीत एकच विषय आहे, 'अभिनंदन'. तो निवडून खाली मनातलं लिहिलं तर 'सर्व्हर व्यस्त आहे'. हेल्पलाइनला फोन लावला तर बासरी वाजते. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात तुमचा पुण्याचा पत्ता सापडला. म्हणलं, पोष्टमन तरी मधेच गोल गोल फिरत बसणार न्हाई.

मी निता राठोड. इथल्या पाणी वापर संस्थेत संगणकावर बसते. सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्यानं आमच्या चारीला, म्हणजे कालव्याच्या फाट्याला, येतं. रब्बीच्या पाण्याच्या पाळीसाठी शेतकऱ्यानं अर्ज द्यायचा, मी तो तुमच्या पोर्टलवर चढवायचा, मग त्याच्या नावाची पर्ची निघते. पर्ची असली तर पाटकरी शेतात पाणी सोडतो, नसली तर न्हाई. १४ नोव्हेंबरला संध्याकाळी पाचला पोर्टल बंद होणार. अर्ज आहेत सहाशे चाळीस. तुमच्या कृपेनं दिवसाला बारा चढतात. हिशोब तुमीच करा, तुमच्याकडं यंत्रं आहेत.

पाण्याच्या अर्जाला जन्मतारीख कशाला लागते ते तुमालाच ठाऊक. पण तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं की कॅलेंडर उघडतं, ते आजच्या महिन्याचं. मागं जायला एक बारका बाण. जून १९५८ चा म्हातारा असला तर तो बाण सातशे शहाण्णव वेळा दाबायचा. मी मोजलंय. सातशेच्या आसपास 'आपले सत्र संपले आहे' येतं आणि अख्खा अर्ज कोरा होतो. 'जतन करा' हे बटण दिसत न्हाई, कारण त्याच्यावर एक बाई हसत उभी आहे, 'मी आपली काय मदत करू?' म्हणत. बाजूला हो म्हणावं, तेवढीच मदत!

आता खरं दुखणं सांगते. अर्ज वरून खाली भरायचे ही आमच्या संस्थेची रीत. चारीच्या तोंडाची गावं आधी, शेपटाची शेवटी. चेअरमन माणिकरावांचं गाव तोंडाशी आहे, म्हणून ही रीत मोडत न्हाई. अगदी शेपटाला रामजीनाईक तांडा. मी त्याच तांड्याची. मागच्या साली तांड्याचे अर्ज चढायच्या आत पोर्टल बंद झालं. पाणी आमच्या शेतांच्या कडेनं आलं आणि तसंच पुढं ओढ्याला गेलं. माझा बाप बांधावर उभा राहून बघत होता. यंदा मी ते होऊ देणार न्हाई.

उत्तर द्या. बासरी नको.

निता राठोड


पुणे
१० ऑक्टोबर २०२४

श्रीमती निता राठोड यांस,

आपले पत्र पोहोचले. टपालाने आलेल्या तक्रारीस टपालानेच उत्तर द्यावे असा कंपनीचा नियम आहे. पाच वर्षांत अशी तक्रार ही पहिलीच, त्यामुळे पाकिटे शोधण्यात दोन दिवस गेले.

पोर्टलमध्ये दोष नाही. ते वापरता यावे लागते. आपल्या पत्रावरून दिसते की आपण सर्व कामे माउसने करता. माउस हे लहान मुलांचे खेळणे आहे. ते बाजूला ठेवावे.

एका रकान्यातून पुढच्यात जाण्यासाठी टॅब हे बटण असते. मागे यायचे तर शिफ्ट धरून टॅब. कॅलेंडर उघडल्यास एस्केप दाबून ते बंद करावे आणि तारीख आकड्यांत सरळ टाईप करावी; सातशे शहाण्णव वेळा बाण दाबणाऱ्या आपण महाराष्ट्रातील एकमेव व्यक्ती असाव्यात. गावांच्या यादीत खाली खाली सरकत बसू नये, गावाचे पहिले अक्षर टाईप करावे, यादी तिथे उडी मारते. चौकटीत बरोबरची खूण हवी असल्यास स्पेस दाबावा. हसणाऱ्या बाईसाठी कंट्रोल धरून वजाचे चिन्ह दाबावे. पान लहान होते, बाई कोपऱ्यात जाते व बटण मोकळे होते. सत्र संपू नये म्हणून पोर्टल दुसऱ्या टॅबमध्येही उघडून ठेवावे आणि पाच मिनिटांनी तिथे जाऊन एफ-फाइव्ह दाबावे. चुकून टॅब बंद झालाच तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबल्यास परत येतो.

हे आठवीच्या मुलांनाही येते. आपल्यालाच ही अडचण काहून येऊन राहिली, हे समजले नाही. हा कागद भिंतीवर चिकटवावा, म्हणजे पुन्हा पत्र लिहिण्याची वेळ येणार नाही.

आपला,
नचिकेत पाठक
वापरकर्ता सहाय्य


हट्टा
१६ ऑक्टोबर २०२४

नचिकेत साहेब,

कागद चिकटवला. माउस उचलून अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवला, पंख्यानं कागद उडत होते, आता उडत न्हाईत. दिवसाला चाळीस अर्ज चढून राहिले. हे कबूल करताना माझी जीभ जड होतेय, पण खोटं बोलायची सवय न्हाई.

आता ऐका. घराचं दार उघडत न्हाई म्हणून पाहुणा ओरडतोय आणि तुमी आतून सांगता, खिडकीला पाय लावा, मग कौलावर हात ठेवा, मग उडी मारा, आमच्या घरात दोष न्हाई. वर म्हणता, आठवीच्या पोराला येतं. ज्याला हे सगळं ठाऊक होतं त्यानं दारच नीट केलं असतं तर? पण तसं केलं असतं तर तुमाला शहाणपण कुणाला शिकवता आलं असतं?

आणि तुमच्या टॅबचंही कौतुक ऐका. शेवटच्या रकान्यातून टॅब दाबला की 'जतन करा' वर जायला पायजे. तो आधी 'रद्द करा' वर जातो. एंटर मारला की अर्ज स्वाहा. तीन अर्ज असे गेले, तेव्हा कळलं की तुमच्या टॅबला दोनदा दाबावं लागतं. हे तुमच्या कागदावर न्हवतं. म्हणजे तुमी स्वतः एकही अर्ज कधी भरला न्हाई. बराबर ना?

काही नावं तुमचं पोर्टल घेत न्हाई. 'ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे' म्हणतं. बापाच्या नावाचा रकाना तुमच्या कंपनीनं ठेवलाच न्हाई, मग दुसरं काय होणार? मी नावापुढं एक ठिपका देते. पुढच्याला दोन. मग घेतं. एवढं हुशार पोर्टल, ठिपक्याला फसतं. का फसवावं लागतं ते तुमाला सांगत बसत न्हाई, तुमी परत आठवीच्या पोराचं उदाहरण द्याल.

जाता जाता एक. पुण्यात 'काहून येऊन राहिली' कोण लिहितं हो? कुठले तुमी?

निता राठोड


पुणे
२४ ऑक्टोबर २०२४

श्रीमती राठोड यांस,

आपला वेग वाढल्याचे वाचून समाधान वाटले. आभार मानले असते तरी चालले असते.

'काहून' ही टायपिंगची चूक होती.

आपल्या पत्रातील ठिपक्यांचा उल्लेख वाचून मी आपल्या संस्थेच्या नोंदी उघडून पाहिल्या. जी भीती होती तेच झाले आहे. रतनसिंग राठोड, जन्म १ जून १९५८, ही एकच व्यक्ती आपण सात वेळा नोंदवली आहे, आणि दर वेळी एकेक ठिपका वाढवत. अशा नोंदी इतरही आहेत. नवीन लोकांच्या हातात शॉर्टकट दिले की हेच होते. एंटर दाबतात, पान हलले नाही की पुन्हा दाबतात, पोर्टल थांबवते तर त्याला फसवतात.

एकाच माणसाला सात पाळ्यांचे पाणी देणे कोणत्याही नियमात बसत नाही. आपल्यावर कारवाई झाली असती. ती टाळावी म्हणून मी स्वतः बसून आपल्या संस्थेच्या अशा एकतीस नोंदी साफ केल्या आहेत. प्रत्येकाची पहिली नोंद ठेवली, बाकीच्या काढल्या. हे माझ्या कामात येत नाही, तरीही केले.

दिवाळीनिमित्त कार्यालय ३० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर बंद राहील. शुभेच्छा.

नचिकेत पाठक


हट्टा
३० ऑक्टोबर २०२४

अहो नचिकेत पाठक,

तुमचं पत्र काल आलं. मी ते तीनदा वाचलं, कारण एवढा दीडशहाणा माणूस पगार घेऊन बसलाय यावर विश्वास बसत न्हवता.

तुमी नोंदी साफ केल्या न्हाईत. तुमी एकतीस माणसं पुसली.

तांड्याचे जुने नाईक रतनसिंग. आमची वस्ती इथं बसवली ती त्यांनी, आपल्या बापाचं, रामजीचं नाव देऊन. ते गेले त्या साली तांड्यात ज्या ज्या घरी पोरगं झालं त्या घरानं त्याचं नाव रतनसिंग ठेवलं. सात घरं, सात रतनसिंग. आमच्यात तसंच करतात, माणूस मोठा असला तर त्याचं नाव एका घरात मावत न्हाई. पुढं ते शाळेत गेले. गुरुजींनी कुणाचीच जन्मतारीख विचारली न्हाई, सगळ्यांना एक जून लावून टाकला. गुरुजीही तुमच्यासारखेच, काम उरकणारे. म्हणून सातही रतनसिंग राठोड, सातही १ जून १९५८. शेतं वेगळी, बाप वेगळे, गट नंबर वेगळे. गट नंबराचा रकाना तुमच्याच पोर्टलवर आहे, तो वाचायला कोणता शॉर्टकट लागतो?

तांड्यात कुणाचं अडत न्हाई. बुटका रतनसिंग, मिल्ट्री रतनसिंग, चिलीमवाला रतनसिंग, हाक मारली की तोच येतो. सात माणसं ओळखायला आमच्या नव्वद वर्षांच्या रुख्मिणीबाईला चष्मा लागत न्हाई. तुमाला अख्खं सर्व्हर पुरलं न्हाई.

आता परत भरावं म्हणलं तर पोर्टल म्हणतं, 'रद्द झालेल्या व्यक्तीची पुन्हा नोंदणी होणार नाही. व्यवस्थापकाशी संपर्क साधा.' मी शंभर ठिपके दिले तरी घेत न्हाई. म्हणजे किल्ली तुमच्या हातात, आणि तुमी फटाके उडवायला गेलात.

त्या सातांतला शेवटचा, सहा ठिपक्यांचा रतनसिंग, तो माझा बाप आहे. मी त्याचा अर्ज सगळ्यात शेवटी भरला होता. कुणी म्हणू नये की पोरगी खुर्चीत बसली म्हणून घरचं आधी केलं. मागच्या साली पोर्टलनं त्याचं पाणी नेलं. यंदा मी तुमचा कागद भिंतीला लावून, बोटं झिजवून ते मिळवलं होतं, आणि तुमी ते पुसलं. वर म्हणता, आभार माना.

१४ तारीख लक्षात आहे ना? एकतीस घरं तुमच्या सुट्टीकडं डोळे लावून बसलीत.

निता रतनसिंग राठोड
(बापाचं नाव मुद्दाम लिहिलंय. तुमच्याकडं रकाना नसला तरी.)


पुणे
१५ नोव्हेंबर २०२४

निताताई,

तुमचं ३० तारखेचं पत्र मला ६ तारखेला ऑफिसात मिळालं. पण त्यात काय असणार ते मला ४ तारखेलाच कळलं होतं. आज खरं लिहितो.

मी हट्ट्याचा. 'काहून' टायपिंगची चूक न्हवती. इथं सगळे हसतात म्हणून मी ते शब्द घशातच ठेवतो. दिवाळीला घरी आलो होतो. माझे वडील विश्वंभर पाठक, कारकून होते, आता निवृत्त. आमचं अडीच एकर चारीच्या तोंडाशी आहे. त्यांच्या अर्जाची पर्ची घ्यायला ४ तारखेला मीच तुमच्या संस्थेत आलो. निळा शर्ट, दारापाशी उभा. तुमी मान वर करून पाहिलंही न्हाई. तुमचा माउस कागदांवर ठेवलेला होता आणि बोटं अशी चालत होती की मला माझाच अभिमान वाटला. म्हणलं, हे आपण शिकवलं. असा मी.

मग तुमी हाक मारली, "रतनसिंग!" बाकावरची सात म्हातारी माणसं एकदम उठली. मला आधी गंमत वाटली. तुमी म्हणलात, "ज्याची पर्ची निघाली तो खाली बसा." एकजण बसला. सहा उभे राहिले. एकाच्या हातात काठी होती, एकानं टोपी काढून छातीशी धरली होती, जसं काही चूक त्यांचीच झालीय. मी वडिलांची पर्ची घेतली आणि पळालो. तिथंच तोंड उघडायला पायजे होतं, उघडलं न्हाई.

पुण्यात येऊन माझ्या वरच्या स्वानंद सरांना सांगितलं. ते म्हणाले, काढलेल्या नोंदी परत आणायला समितीची मंजुरी लागते, एकवीस कामाचे दिवस. मी अर्ज केला आणि आठ दिवस वाट पाहिली. नियम पाळतोय असं वाटून जरा बरंही वाटत होतं. १३ तारखेला संध्याकाळी कळलं की समितीनं अर्ज उघडलाच न्हाई.

काल सकाळी कुणाला न विचारता चाचणीसाठी ठेवलेलं लॉगिन उघडलं. त्यातून रद्द झालेली नावंही घेता येतात. काढलेल्या नोंदींची यादी समोर ठेवून एकेक अर्ज तुमच्यासारखा हातानं भरायला बसलो. तीन वर्षं या पोर्टलवर काम करतोय, ते वापरलं पहिल्यांदा. ताई, ती हसणारी बाई चाचणीच्या लॉगिनमध्ये पान कितीही लहान केलं तरी हलत न्हाई. टॅब 'रद्द करा' वर गेला आणि मी एंटर मारला, तुमी लिहिलं होतं तरी. एकदा न्हाई, दोनदा. दुपारी जेवायला उठलो न्हाई. माझ्याच कंपनीला मी ज्या शिव्या दिल्या त्या हट्ट्याच्या बाजारातही कुणी ऐकल्या नसतील. गट नंबर प्रत्येक अर्जावर होता, ठळक. मी साफ करताना तो पाहिलाच न्हवता.

तीस झाले. एकतिसावा राहिला. चार वाजून चौदा मिनिटांनी तो सुरू केला, रकाने भरले, आणि 'आपले सत्र संपले आहे' आलं. परत लॉगिन केलं, पुन्हा तेच. मग ते मोबाईलवर आकडा पाठवतो म्हणालं. तो आकडा पाच वाजून दोन मिनिटांनी आला.

यादी तुमी भरलेल्या क्रमानंच होती. राहिलेल्या नावापुढं सहा ठिपके होते.

कंपनीनं लेखी खुलासा मागितलाय. तो देईन. तुमची माफी कोणत्या तोंडानं मागू ते कळत न्हाई.

नचिकेत


रामजीनाईक तांडा
९ डिसेंबर २०२४

नचिकेत,

साहेब म्हणणं बंद केलंय. आपल्याच गावच्या माणसाला किती दिवस साहेब म्हणायचं?

आधी तुमचा गैरसमज दूर करते. मी मान वर केली न्हाई, कारण गरज न्हवती. विश्वंभर काकांच्या अर्जावर ईमेलच्या रकान्यात तुमचं नाव आणि पुढं तुमच्या कंपनीचं नाव. काका म्हणून गेले होते, पर्ची न्यायला लेकरू येईल. निळा शर्ट दारात येऊन माझ्या बोटांकडं कौतुकानं पाहायला लागला तेव्हाच ओळखलं, हाच तो शहाणा. आणि मी तांड्यातल्या माणसाला नुसतं 'रतनसिंग' म्हणून हाक मारीन, एवढी येडी आहे का? सात जण उठतात हे मला जन्मापासून ठाऊक आहे. ती हाक तुमच्यासाठी होती. पत्र पुण्यात पडलेलं, तुमी इथं, मग दुसरा कोणता शॉर्टकट होता माझ्याकडं?

तुमी पळालात तेव्हा मिल्ट्री रतनसिंगनं विचारलं, "कोण होता तो?" मी म्हणलं, पोर्टल होतं, दिवाळीला घरी आलं होतं.

आठ दिवस समितीची वाट पाहिलीत, ते मात्र माफ न्हाई. तुमच्या वडिलांची पर्ची नसती तर तुमी आठ तास तरी थांबला असता का? याचं उत्तर मला नको, स्वतःला द्या. तीस अर्ज भरलेत त्याबद्दल आभार मानणार न्हाई. आपण पुसलेलं आपण लिहिलं, त्यात आभार कसले? पण उपाशी बसून भरलेत, ते आईनं ऐकलं आणि म्हणाली, त्याला जेवायला बोलाव. मी बोलावत न्हाई. ती बोलावून राहिली.

पाणी काल सकाळी आलं. रामकिशन पाटकरी पर्च्यांचा गठ्ठा घेऊन चारीवर उभा. आमच्या सातही रतनसिंगांची शेतं एकाला एक लागून, चारीच्या एकाच दारावर. पर्च्या सहा, पर्चीला सात तास. माझा बाप मागच्या सालासारखा बांधावर लांब उभा होता. मी त्याला चल म्हणलं तर म्हणाला, "कागद न्हाई तर कशाला जायचं, लोकात शोभा?" त्याचं तोंड पाहून मला तुमाला परत एक पत्र लिहावंसं वाटलं, असं की पाकीट पेटलं असतं.

रामकिशननं पहिली पर्ची उघडली आणि वाचली, "रतनसिंग राठोड!"

सहाही जण म्हणाले, "व्हय."

रामकिशन म्हणाला, "अरे, कोणता?" चिलीमवाला म्हणाला, "तुज्या कागदावर लिव्हलंय का कोणता?" रामकिशननं पर्ची उलटी केली, सुलटी केली. गट नंबर बारीक अक्षरात होता आणि तो चष्मा घरी विसरला होता. विसरला, असं तो म्हणाला. मग बुटका रतनसिंग बांधावर गेला, माझ्या बापाचा हात धरून त्याला ओढत आणलं आणि रामकिशनला म्हणाला, "सहा पर्च्या, बेचाळीस तास. आमी सात. प्रत्येकाला सहा. लिव्ह न्हाईतर नको लिव्हू." सहा जणांनी एकेक तास काढून दिला. कुणी कुणाला विचारलं न्हाई, समिती बसली न्हाई, आकडा पाठवला न्हाई. माझ्या बापानं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि म्हणाला, धूळ उडून राहिली. चारीत गुडघाभर पाणी होतं, धूळ कुठली?

मी तिथंच बांधावर बसून रडले. तुमच्यासमोर मान्य करते, कारण इथं कुणासमोर करणार न्हाई.

खुलासा लिहाल त्यात लिहा की बापाच्या नावाचा रकाना पायजे, आणि टॅब आधी 'जतन करा' वर गेला पायजे. त्या बाईला घरी पाठवा. नोकरीवर ठेवलं तर हे करा, न्हाई ठेवलं तर हट्ट्याला या, आमच्या संस्थेत दुसरा संगणक रिकामा आहे. माउस मी देणार न्हाई.

पत्र इथंच थांबवते. बाप हाक मारून राहिला. संध्याकाळची पाळी त्याची आहे, तो वाफ्यात पाणी वळवत, दारे धरून उभा आहे आणि त्याला कंदील पायजे.

निता रतनसिंग राठोड